आजी कुठल्या रजिस्टरमध्ये आहे? बडोद्याच्या मराठी घरांसाठी जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदींचा शोध

खिडकीतल्या काकांनी आजीचं नाव शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तारीख बोलो ने, बेन." मी पुन्हा नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आडनावाचे दोन उच्चारही सांगितले. त्यांनी मागच्या कपाटाकडे बोट केलं. "नामथी नहीं मळे, तारीखथी मळशे."

त्या एका वाक्याने माझा दीड वर्षांचा गोंधळ मिटला. जन्म-मरणाचं जुनं रजिस्टर म्हणजे रोजकीर्द. घटना ज्या क्रमाने कळवल्या गेल्या त्या क्रमाने एकाखाली एक उतरवलेल्या. त्याला नावांची सूची असलीच तर नशीब. म्हणून घराण्याचा शोध घेणाऱ्याने कचेरीत जाण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात: तारीख (किमान महिना) आणि जागा. नाव सगळ्यात शेवटी कामाला येतं, आणि तेही नेहमी येतंच असं नाही.

खाली लिहिलेलं मुख्यतः बडोद्यातल्या आणि जुन्या गायकवाडी मुलखातल्या मराठी घरांसाठी आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडच्यांना बराचसा भाग लागू पडेल. पंचांगाचा हिशोब मात्र त्यांचा वेगळा, तो पुढे येईलच.

पहिली पायरी: ट्रंक आणि म्हातारी माणसं

माळ्यावरच्या ट्रंकेत बघायच्या वस्तू: जन्मपत्रिका किंवा नुसतं टिपण, लग्नपत्रिका, आहेराची वही, शाळा सोडल्याचा दाखला, पेन्शनचे कागद, विम्याची पॉलिसी, घराचं खरेदीखत, आणि फोटो. फोटोची मागची बाजू आधी बघा. स्टुडिओचा शिक्का असतो, त्यावर गाव असतं, आणि कोणीतरी शाईने चार शब्द लिहिलेले असतात.

म्हाताऱ्या माणसांना "साल कोणतं?" असं विचारू नका. साल कोणालाच आठवत नाही, आणि विचारलं की आपण चुकतोय की काय या धास्तीने माणूस गप्प होतो. त्याऐवजी विचारा: त्यांचं श्राद्ध कधी असतं? बाळंतपणाला त्या कुठे गेल्या होत्या? सत्तावीसच्या पुरात हा मुलगा कडेवर होता की चालत होता? जुलै 1927 चा तो पूर गुजरातेत कितीतरी घरांच्या आठवणीत खुंट्यासारखा ठोकलेला आहे. त्याआधीच्या पिढीसाठी असेच दोन खुंटे: संवत 1956 चा छप्पनियो दुष्काळ, म्हणजे 1899-1900, आणि 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. "साथीत गेले" एवढं कळलं तरी शोध दहा वर्षांवरून थेट 1918 च्या शेवटच्या महिन्यांवर येतो.

तिथीची तारीख करताना

आपल्या घरात मृत्यूचं साल हरवतं, तिथी हरवत नाही, कारण दर वर्षी पान वाढलेलं असतं. ही तिथी म्हणजे अर्धी तारीख. तिच्यासोबत वार आठवत असेल ("एकादशी होती आणि गुरुवार होता") तर फारच छान. एकच तिथी एकाच वारी साधारण सात वर्षांतून एकदा येते, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या अंदाजातून एखाद-दोन तारखाच उरतात. जुन्या जंत्रीत किंवा तिथीचं रूपांतर करून देणाऱ्या संकेतस्थळावर त्या ताडून बघा.

आता शक आणि संवत. बडोद्यातल्या मराठी घरातली पत्रिका बहुधा शकात असते. बाहेरचा व्यवहार, म्हणजे दुकानाची वही, खरेदीखत, गुजराती शेजाऱ्याने लिहिलेली चिठ्ठी, संवतात.

शकाचं इंग्रजी साल काढायला चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78 मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79. गुजराती संवत कार्तिकात बदलतो. म्हणून कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून डिसेंबरअखेरपर्यंत 57 वजा करा, आणि जानेवारीपासून आश्विन अमावास्येपर्यंत 56. शके 1840 चा कार्तिक आणि संवत 1975 चा कार्तिक दोन्ही 1918 च्या नोव्हेंबरातले, हे एकदा कागदावर करून बघा म्हणजे हात बसतो.

इंदूर-ग्वाल्हेरकडे संवत चैत्रात बदलतो. त्यामुळे चैत्र ते आश्विन या काळात तिकडचा संवत गुजरातेतल्यापेक्षा एकाने पुढे असतो. शिवाय तिकडचा स्थानिक महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात काही फरक नाही, पण आपला वैशाख वद्य तो त्यांचा ज्येष्ठ कृष्ण. बडोद्याच्या घरात दिलेली ग्वाल्हेरची लेक असेल तर माहेरच्या कागदावरचा आणि सासरच्या कागदावरचा महिना जुळणार नाही, आणि तरीही दोन्ही बरोबर असतील.

पत्रिकेत आणखी एक सापळा असतो, मी स्वतः त्यात पडले. आपला वार सूर्योदयाला बदलतो, सरकारी तारीख मध्यरात्री. आजीच्या टिपणात शके 1855, श्रावण वद्य, सोमवार आणि "सूर्योदयात् गत घटी 52" असं होतं. घटी म्हणजे 24 मिनिटं. 52 घटी म्हणजे 20 तास 48 मिनिटं. सूर्योदय सहाच्या सुमाराचा धरला तर जन्म पहाटे पावणेतीनच्या आसपासचा, म्हणजे पंचांगात सोमवार असला तरी सरकारी हिशोबाने मंगळवार. मी सोमवारचं पान उघडायला लावून हात हलवत परत आले होते. पत्रिकेतला जन्म उत्तररात्रीचा असेल तर पुढचा दिवस मागायलाच हवा.

आणि अधिक महिना. अधिकात गेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध पुढे निज महिन्यात होतं, त्यामुळे घरातल्या आठवणीत "अधिक" हा शब्दच गळून पडतो. हाती आलेल्या वर्षात अधिक मास होता का, ते तपासा.

जागा: सासर नव्हे, माहेर. बडोदा नव्हे, बदलीचं गाव

नोंद होते ती घटना जिथे घडली तिथे, कुटुंब राहतं तिथे नाही. हा नियम आजही आहे आणि तेव्हाही बहुतेक तसाच होता. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे तुमच्या आजोबांचा जन्म शोधायचा तर आधी पणजीचं माहेर शोधा. वडिलांकडच्या वंशावळीत हे नसतंच. छापील कुलवृत्तांत घेऊन बसलात तर पुरुषांची आठ-दहा पिढ्यांची साखळी मिळेल आणि सुनांच्या वाट्याला एक ओळ: लग्नानंतरचं नाव आणि "अमुकांची कन्या". ती ओळ मात्र सोन्याची. त्या "अमुकां"च्या आडनावाचा कुलवृत्तांत निघालाय का ते बघा. तिथे तीच मुलगी माहेरच्या नावाने भेटते, कधी गावासकट.

दुसरं, संस्थानातली नोकरी. बडोदा राज्याचे बडोदा, कडी (पुढे मेहसाणा), नवसारी आणि अमरेली असे प्रांत होते. मराठी कारकून, फौजदार, मास्तर, वहिवाटदार या सगळ्या मुलखात फिरत राहायचे. घरात "आम्ही मूळचे बडोद्याचे" असं म्हणतात, पण दोन भावंडं विसनगरला झालेली, एक अमरेलीला आणि शेंडेफळ डभोईला. रजिस्टरंही तिकडेच आहेत, आज वेगवेगळ्या जिल्ह्यांत. म्हणून नोकरीचा आलेख आधी काढा: कोणत्या साली कुठे बदली. पेन्शनच्या कागदात तो असतो. नसेल तर संस्थानचं सरकारी पत्रक 'आज्ञापत्रिका' चाळा. नेमणुका, बदल्या, रजा त्यात यायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण मला त्यात आजीच्या आजोबांची पेटलादला झालेली बदली सापडली आणि टिपणातल्या एका पुसट शब्दाचा अर्थ लागला. मी तो "पेठ" वाचत होते.

रजिस्टरमधलं नाव

जन्म कळवायचा बारशाआधी किंवा त्याच सुमारास. त्यामुळे जुन्या नोंदींत बाळाच्या नावाची जागा कितीतरी वेळा कोरी असते. असतं ते एवढंच: मुलगा की मुलगी, बापाचं नाव, जात, राहण्याची जागा, कळवणाऱ्याचं नाव. कळवणारा बहुतेकदा आजोबा किंवा मामा, आणि पत्ता माहेरचा. "अमक्याच्या नावाची नोंद नाही" असं उत्तर मिळालं की लगेच उठू नका. त्या आठवड्यात या बापाची कोणती मुलगी किंवा मुलगा नोंदलाय का, असं विचारा.

नोंद गुजरातीत असणार, आणि लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं असणार. शिंदेचं सिंदे, रावचं रावजी, ताराबाईची ताराबेन, आडनावाच्या जागी जात किंवा हुद्दा. पाळण्यातलं नाव, घरातलं नाव, सासरचं नाव आणि गुजराती कानाने ऐकलेलं नाव, एका बाईची चार नावं सहज होतात. शोधायला बसण्यापूर्वी ती सगळी एका कागदावर गुजराती लिपीत लिहून न्या. खिडकीतल्या माणसालाही सोपं जातं आणि तुमचं काम रेंगाळत नाही.

कचेरीत

आजची नोंदणी जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 खाली होते. त्याने देशभर एकच पद्धत आणि सक्ती आणली. त्याआधीच्या नोंदी कुठे व्यवस्थित, कुठे तुटक, कुठे वाळवीने खाल्लेल्या. शहरातली रजिस्टरं महापालिकेच्या जन्म-मरण शाखेकडे, लहान गावांत नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडे. महापालिका स्वतः 1950 सालची, पण तिच्याकडे आधीच्या नगरपालिकेचं दफ्तर आलेलं असतं, हे अर्ज करताना लक्षात ठेवा. नाहीतर "पन्नासच्या आधीचं काही नाही" या पहिल्याच उत्तरावर परत फिराल.

अलीकडच्या नोंदींसाठी ऑनलाइन सोय आहे. आजी-पणजींसाठी कागदी अर्जच.

अर्ज साधा करा. कायद्याच्या 17व्या कलमाने कोणालाही ठरलेली फी भरून रजिस्टरमध्ये शोध घ्यायला लावण्याचा आणि नोंदीचा उतारा मागण्याचा हक्क आहे. तो आकडा अर्जात लिहा, समोरच्याचा सूर बदलतो. फी शोधाच्या वर्षांवर ठरते, म्हणून तारीख आधी बारीक करून नेलेली बरी. लिहायचं ते असं: घटना जन्म की मृत्यू, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत शोध हवा, कोणता मोहल्ला, म्हणजे रावपुरा, दांडिया बाजार, वाडी, बाबाजीपुरा असं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, सगळ्या रूपांत, आणि कारण, "कुटुंबाच्या इतिहासासाठी". ओळखपत्र आणि नातं दाखवणारा एखादा कागद जोडा. मृत्यूच्या उताऱ्यात मरणाचं कारण मिळत नाही. कायद्यानेच ते देता येत नाही, तेव्हा त्यासाठी वाद घालून खिडकी खराब करू नका. पुढे तिथेच यायचंय.

शोधून नोंद निघाली नाही तर अनुपलब्धतेचा दाखला मागा. तो नमुना 10 मध्ये मिळतो. अमुक वर्षं अमुक कचेरीत बघून झाली याचा तो पुरावा, आणि तीन वर्षांनी तुमचाच चुलतभाऊ तिथे पुन्हा जाऊन तेच पैसे भरत नाही.

माहिती अधिकाराचा उपयोग एकाच प्रश्नासाठी करावा असं माझं मत: "कोणत्या वर्षांची रजिस्टरं तुमच्याकडे आहेत आणि बाकीची कुठे पाठवली?" नोंदीच्या उताऱ्यासाठी स्वतंत्र वाट असताना माहिती अधिकार पुढे केला की उत्तर येतं, पण कामाचं येत नाही.

जनगणनेच्या मागे लागू नका. घराघराची माहिती कायद्याने गुप्त आहे, ती कोणालाही पाहायला मिळत नाही.

लग्न: इथे सरकार फारसं कामाचं नाही

हिंदू लग्नाची नोंदणी हा आपल्याकडे अगदी अलीकडचा सराव. मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा 1953 चा, गुजरातचा स्वतःचा 2006 चा. पन्नासच्या आधीच्या लग्नासाठी विवाह निबंधकाकडे खेटे घालणं म्हणजे वेळ घालवणं. अपवाद नोंदणी पद्धतीने लावलेल्या लग्नांचा. ख्रिस्ती कुटुंबांना चर्चची रजिस्टरं आहेत, मुसलमान कुटुंबांना काझींकडची निकाहाची दफ्तरं.

बाकीच्यांनी आहेराची वही धरावी. तिच्यावर बहुतेकदा तिथी आणि कार्याचं ठिकाण असतं, आणि आत सगळं गणगोत गावासकट. माझ्या पणजीच्या माहेरची सहा आडनावं मला एका पितळी भांड्यांच्या यादीत सापडली.

बडोद्याची एक खास गोष्ट: सयाजीराव महाराजांनी 1904 मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला. मुलीला 12 आणि मुलाला 16 अशी मर्यादा घातली आणि मोडणाऱ्यांना दंड होऊ लागला. त्यामुळे त्या काळातल्या कागदावर वधूचं वय 12 किंवा 13 दिसलं तर डोळे झाकून खरं मानू नका. दंड चुकवायला वय चढवून सांगणारे बाप होते. लग्न मुलखाबाहेर उरकण्याची युक्तीही होती, तेव्हा "लग्न बडोद्याचंच" असं धरून चालू नका.

मृत्यू: घर आणि जमीन बोलते

माणूस गेल्यावर त्याच्या नावावर काही असेल तर वारसाची नोंद होते, आणि तिच्यात मृत्यूची तारीख येते. शहरात सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, गावात गाव नमुना 6, म्हणजे फेरफाराच्या वहीतली वारसाई. गुजरातच्या एनी-आरओआर या जमिनीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर नमुना 6 च्या जुन्या नोंदी स्कॅन करून ठेवल्या आहेत. गाव आणि नोंदीचा क्रमांक हाताशी असेल तर घरबसल्या दिसतात. वारसाईसोबत तलाठ्याकडचं पेढीनामुं असतं, म्हणजे वंशावळच. त्यात मुलींचीही नावं असतात, निदान हक्क सोडून दिल्याच्या सहीपुरती.

सरदार-शिलेदारांच्या, इनामदारांच्या घरांना आणखी मोठा ठेवा. नेमणूक, म्हणजे सरकारकडून मिळणारा तनखा, पुढे चालू ठेवायला दर पिढीला वंशावळ जोडून अर्ज करावा लागे. ते कागद वडोदऱ्यातल्या गुजरात राज्य दफ्तर भांडाराच्या दक्षिण वर्तुळ कचेरीत शोधावेत. जुना भाग मोडीत आहे. मोडी येत नसेल तर वाचणारा सोबत न्या, आणि त्याला सांगा की तारखेचे शब्द आधी बघ. "सलास", "अर्बा", "खमस" हे सुहूर सनाचे, म्हणजे जुन्या मराठी दफ्तरातल्या कालगणनेचे, अरबी अंक, अनुक्रमे तीन, चार, पाच. सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवलं की इसवी सन येतं, कारण तो सन जूनच्या सुमारास मृगाला बदलतो.

शहरातल्या मृत्यूंसाठी खासवाडी स्मशानाची वही विचारून बघावी. अस्थी नर्मदेवरच्या चांदोदला गेल्या असतील तर तिथल्या गोरांना. आईचं श्राद्ध घालायला आपल्याकडचे लोक सिद्धपूरला बिंदुसरोवरावर जातात. तिथल्या उपाध्यायांकडे वही असेल तर ती नक्की बघा, कारण मातृश्राद्धाला आईचं, आजीचं, पणजीचं नाव घ्यावंच लागतं. बायकांची नावं एकापुढे एक मिळण्याची अशी जागा दुसरी मला माहीत नाही.

नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय आणि हरिद्वारचे पंडे यांच्या वह्या तर प्रसिद्धच. तिथे मात्र "बडोद्याचे" म्हणून सांगून काही होत नाही. वह्या आडनाव आणि मूळ गावावर लावलेल्या असतात. कोकणातलं किंवा देशावरचं, गायकवाडीत येण्याआधीचं गाव सांगावं लागतं. बघून झाल्यावर आपली पिढी लिहून सही करा, आणि लेकीसुनांची नावं आठवणीने घाला. गुरुजी बहुधा विचारणार नाहीत.

नोंदच नसेल तर शाळा

बडोदा राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सुरू झालं आणि 1906 मध्ये राज्यभर, मुलींनाही. इतर ठिकाणच्या लोकांना ज्या पिढीच्या मुलींचा कागद मिळत नाही, त्या पिढीची आपल्याकडची मुलगी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असू शकते. जुन्या प्राथमिक शाळेत जाऊन नम्रपणे विचारा, आणि परीक्षांचे दिवस टाळा. जन्मतारीख 1 जून दिसली तर ती मास्तरांनी शाळा भरण्याच्या हिशोबाने दिलेली समजा. तिथे खरा उपयोग दाखल झाल्याच्या तारखेचा आणि आधीच्या शाळेच्या नावाचा. त्यावरून बदलीचं गाव पुन्हा हाती येतं.

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जुनी मराठी वर्तमानपत्रं विचारा. 'सयाजीविजय' बडोद्याचंच, आणि भगवंतराव पाळेकरांचं 'जागृती' 1917 ते 1949 चाललं. नामांकित माणसाच्या मृत्यूची बातमी त्यात सापडू शकते, सामान्याची क्वचितच.

लिहून ठेवताना

प्रत्येक तारखेपुढे ती कुठून आली ते लिहा: टिपण, आत्या, रजिस्टर, शाळा. दोन जुळल्या नाहीत तर एक खोडू नका, दोन्ही ठेवा. मूळ शब्द आहे तसा उतरवा, त्याखाली आपला अर्थ. शक-संवताचं रूपांतर वेगळ्या शाईने, म्हणजे चूक हिशोबातली की कागदातली ते नंतर कळतं.

पेटलादला मी ऑगस्ट 1933 मागितला, फक्त दोन दिवस. रजिस्टर वर आलं, मंगळवारच्या पानावर पाचवी ओळ. बापाचं नाव नीट, कळवणारे आईचे वडील, पत्ता सरकारी बिऱ्हाडाचा, आणि पुढे "स्त्री". नावाची जागा कोरी होती. मी उताऱ्याची फी भरली.

"नाम नथी लखेलुं, चालशे?" कारकुनाने विचारलं.

"चालशे," मी म्हटलं.

टिपण आणि उतारा आता एकाच प्लास्टिकच्या पाकिटात आहेत.